थोरल्या दगडावरचे हात

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. त्या वर्षाच्या सुरुवातीला बाईंचा उजवा हात गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटी बेबीचं पहिलं प्रदर्शन लागलं. मधले महिने कसे गेले ते त्या दोघींना ठाऊक, आणि थोडंफार मावशीला, कारण मावशीला सगळंच थोडंफार ठाऊक असायचं.

बेबी ही बाईंची मुलगी. वय छत्तीस, कपाळाजवळ एक पांढरी बट, बोलणं बेताचं, आणि नाव मात्र बेबी. बाईंना सगळेच बाई म्हणत, कारण शहरात चित्रं काढणाऱ्या निम्म्या बायकांना त्यांनीच शिकवलं होतं. बेबी घरी त्यांना ‘आई, तू’ म्हणायची. शेडचा उंबरठा ओलांडला की ‘बाई, तुम्ही’. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं. पहिल्यांदा शेडमध्ये आली त्या दिवशी तिनं सवयीनं ‘आई’ अशी हाक मारली होती आणि बाईंनी ऐकूच आलं नाही असं केलं होतं. तेवढं पुरलं.

शेड म्हणजे एक जुना बर्फाचा कारखाना. भिंती जाड, खिडक्या उंचावर, जमीन मधोमध उतरती आणि उताराच्या तळाशी पाण्याला वाट. थंडीत बोटं बधिर व्हायची, पण दगड धुवायला याहून चांगली जागा नव्हती. चित्रशाळेच्या छापखान्यात प्रेसचं हँडल बायकांना झेपायचं नाही असं म्हणत असत, म्हणून बाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, या दोघींनी आपला वेगळा संसार इथं थाटला. मावशीनं आयुष्यात कधी चित्र काढलं नाही, पण तिचे दंड पाहिले की हँडलच आपसूक फिरेल असं वाटायचं. “ताई डोकं, मी खांदा,” ती म्हणायची, “आणि नाक दोघींचंही आमच्या बापाचं, वर.”

शेडमध्ये काम चालायचं ते शिळाछापाचं. गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग गोंद आणि तेजाब लावून ते दगडात मुरवायचं. छापताना दगड ओला करायचा आणि त्यावरून शाईचा रोलर फिरवायचा. जिथं तेल तिथं शाई बसते, जिथं पाणी तिथं बसत नाही. वर कागद ठेवून प्रेसखालून काढला की चित्र कागदावर उतरतं. सगळ्या प्रती निघाल्या की वाळू आणि पाणी घालून दगड घासायचा, जुनं चित्र काढून टाकायचं आणि कोऱ्या दगडावर नवं काढायचं. दगड तेच राहायचे, चित्रं येऊन जायची.

दगडांनाही घरच्यासारखी नावं होती. धाकटा, मधला, आणि एक भलामोठा, तो थोरला. थोरल्याला हलवायचं म्हणजे दोघींनी कंबर कसायची आणि तिसरीनं बाजूला उभं राहून सूचना करायच्या. थोरल्यावर काम करायचं ते बाईंनी. शेडमध्ये शिकायला येणाऱ्या बाकीच्यांनी विचारायचं आणि बाईंनी “अजून नाही” म्हणायचं. बेबीनं तर विचारणंच सोडून दिलं होतं.

त्यालाही एक कारण होतं. बाईंचे शेडमधले दोन नियम फार कडक होते. खराब निघालेली प्रत त्याच दिवशी सगळ्यांसमोर फाडायची, आणि अर्धवट चित्र छापायचं नाही, घासून टाकायचं. बेबी वीस वर्षांची असताना तिनं मधल्या दगडावर एक चित्र काढलं होतं. ती दुपारी जेवायला म्हणून बाहेर गेली आणि परत येऊन पाहते तो दगड कोरा, ओला, आणि बाई हात पुसतायत. “अर्धवट होतं,” बाई म्हणाल्या, “पुन्हा काढ.” बेबीनं पुन्हा काढलं नाही. त्या चित्रात नेमकं काय होतं तेही वर्षं गेली तसं तिला धड आठवेना. आठवायचा तो चकचकणारा ओला दगड, आणि त्याच्या कडेवरून ओघळणारं राखाडी पाणी.

त्यानंतर बेबीनं लहान लहान चित्रं काढली. ती बरी असत. बघायला येणारे म्हणत, “बाईंची मुलगी ना? वाटलंच.” कुणी वाईट हेतूनं म्हणत नसे. पण छत्तिसाव्या वर्षी माणसाला आपलं काही तरी एक असावं असं वाटतं, निदान खालची सही तरी.

त्या वर्षीच्या सुरुवातीला बाई थोरल्यावर काम करत होत्या. पाठमोरी बसलेली एक मुलगी आणि तिची वेणी घालणारी बाई, असं ते चित्र होणार होतं. मुलगी झाली होती. वेणी घालणारीचे नुसते दोन हात झाले होते, तीन पेड धरलेले. तिचं बाकीचं शरीर म्हणजे कोरा दगड. बाईंची रीतच तशी, जे अवघड ते आधी. हातांसाठी त्यांनी सगळ्यांत तेलकट खडू घेतला होता आणि तो इतका दाबून चालवला होता की दगडाला कळ लागावी.

तेवढ्यात खडू खाली पडला. मावशी म्हणाली, “ताई, खडू पडला.” बाई काही बोलल्या नाहीत. कामात असल्या की त्या बोलत नसतच, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मग बाई स्वतःच खडूच्या मागोमाग हळूहळू खाली बसल्या.

वाचा महिन्याभरात परत आली. पायही आला, काठीच्या आधारानं. उजवा हात काही आला नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. बाईंनी धीर वगैरे धरला नाही. त्यांनी शेडचं नावच टाकलं. कुणी विषय काढला तर त्या खिडकीकडे बघायच्या. तिकडे शेडमध्ये थोरला तसाच पडून होता, वर फडकं घातलेला, घरातल्या आजारी माणसासारखा. येताजाता सगळ्या त्याच्याजवळून हळू चालायच्या.

आणि अशात दालनवाली आली.

शहरात चित्रांचं एक नावाजलेलं दालन होतं, ते हीच चालवायची. उंच टाचा, उंच आवाज. सगळे तिला मॅडम म्हणत आणि मागं दालनवाली म्हणत. तिला थोरल्यावरचं ते अपुरं चित्र हवं होतं. “बाईंचं अखेरचं काम,” ती म्हणाली. मावशी ताडकन म्हणाली, “अखेरचं कसं? माणूस घरी चहा पितंय.” मॅडम जरा वरमल्या. मग त्यांची नजर बेबीकडे गेली. “बरं, तुझं काय आहे? वर्षाअखेरीस माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. पण ही तळहाताएवढी चित्रं नकोत हं. समोरच्या भिंतीला एक मोठं लागेल.”

मोठं म्हणजे थोरला. बेबीला एकदम आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली.

त्या संध्याकाळी तिनं आईला विचारलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर उशी, आणि उशीवर उजवा हात, कुणी पाहुणा विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

“आई, थोरल्यावर तुझं ते आहे. त्याचं काय करायचं?”

“अर्धवट चित्राचं काय करतात शेडमध्ये?”

“अगं, पण हे तुझं...”

“माझं म्हणून त्याला शेपूट फुटलंय का? घासून टाक. आणि मला परत विचारू नकोस.”

मावशीला हे कळलं तेव्हा ती रडायच्या बेताला आली. “आधी एक प्रत तरी काढू या गं. एकच. कपाटात ठेवू, कुणाला दाखवायची नाही. ताईला कशाला कळतंय?”

“अर्धवट छापायचं नाही,” बेबी म्हणाली. आपण हे कुणाच्या आवाजात बोललो ते तिलाही ऐकू आलं.

“बरं बाई,” मावशी म्हणाली. “पण घासायला मला हाक मारू नकोस. माझ्यानं बघवायचं नाही.”

म्हणून बेबीनं एकटीनं घासला. दगड घासायला एक जड लोखंडी तबकडी असते, कडेला मूठ लावलेली. दगडावर ओली वाळू टाकायची आणि ती तबकडी आठाच्या आकड्यासारखी फिरवत राहायची. आधी जाड वाळू, मग मध्यम, मग बारीक. जाड वाळूनं चित्र जातं, बारीक वाळूनं दगड गुळगुळीत होतो. जाड वाळूवरून पुढं जायचं केव्हा, तर दगड ओला करून बघितल्यावर आधीच्या चित्राचा मागमूस दिसत नाही तेव्हा. कोरडा दगड खोटं बोलतो, असं बाई नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत.

मुलगी लवकर गेली. वेणी गेली. हात काही जाईनात. बेबी तबकडी फिरवत होती आणि वाळूच्या राखाडी चिखलाखालून ती बोटं दिसत होती, तीन पेड धरलेली. ती वेणी कुणाची हे तिला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी ती वेणी इतकी घट्ट घातली जायची की दिवसभर भुवया वर ओढलेल्या असायच्या आणि शाळेत मुली विचारायच्या, तुला कसलं एवढं आश्चर्य वाटलंय? बेबीला हसू आलं. मग तिला ती दुपार आठवली, तो दुसरा ओला दगड, आणि तिनं असा जोर लावला की मनगट दुखावलं. मग ती थांबली. चित्रातले हात फिकट झाले होते. दगड वाळला तेव्हा पांढराफटक दिसला.

तिनं तो पुन्हा ओला करून बघितला नाही. मध्यम वाळू घेतली, मग बारीक.

मावशी आली तेव्हा दगड तयार होता. “ओला करून बघितलास ना?”

“बघितला.”

का असं म्हणाली ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. कंटाळा म्हणावा तर ती कामचुकार नव्हती.

पुढचे दोन महिने ती थोरल्यावर वाकलेली होती. तिनं काढलं ते घरातलंच, आईच्या खोलीतलं. पलंगाचा कोपरा, अर्धवट दुमडलेली रजई, खिडकीशी रिकामी खुर्ची, आणि चित्रभर पसरलेली भिंत. नुसती भिंत. पण त्या भिंतीवर तिनं खडूचं टोक इतकं हलकं चालवलं होतं की भिंतीला ओल धरल्यासारखं वाटे, संध्याकाळ उतरल्यासारखं वाटे, आणि त्या खोलीत कुणी बरं होणार नाही हे कळे. ती भिंत तिची स्वतःची होती. तशी भिंत बाईंनी कधी काढली नव्हती, आणि हे बेबीला माहीत होतं. त्या दोन महिन्यांत ती चालताना जमिनीकडे बघत नसे.

छपाईच्या दिवशी शेडमधल्या सगळ्याजणी जमल्या. बेबीनं दगडावरून ओला स्पंज फिरवायचा, रोलर फिरवायचा. मावशीनं हँडल ओढायचं. पहिली प्रत निघाली आणि सगळ्याजणी तिच्यावर वाकल्या. मग मावशी म्हणाली, “बेबे, ही भिंत तू कुठं लपवून ठेवली होतीस गं इतकी वर्षं?” बेबीचा चेहरा असा झाला की तिला बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं.

पहिलं डझन निघालं. सगळ्या प्रती एकीसारख्या एक. मग दुसऱ्या डझनातली पहिली. मावशीनं कागद उचलला आणि डोळे बारीक केले.

“हे काय गं?”

भिंतीवर, खुर्चीच्या जरा वर, कसलासा डाग होता. बेबीनं दगड पुसला, पुन्हा शाई लावली. पुढच्या प्रतीवर डाग गडद. त्याच्या पुढच्या प्रतीवर तो डाग राहिला नाही. त्याला बोटं फुटली. दगडात खोल गेलेलं जुनं तेल शाई ओढून घेत होतं. एकामागून एक कागद निघत गेला आणि त्या ओल्या भिंतीतून दोन हात वर येत गेले, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर, काहीतरी धरून ठेवल्यासारखे. धरलेलं ते काय, ते मात्र गेलं होतं.

थांबायला हवं होतं. कुणीच थांबलं नाही. मावशी हँडल ओढत राहिली, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

कागद संपले तेव्हा टेबलावर दोन गठ्ठे होते. एक स्वच्छ, एक हातांचा. स्वच्छ प्रती चांगल्या होत्या. हातांच्या प्रती... सगळ्यांनी त्या बघितल्या, आणि मग सगळ्या दुसरीकडे बघू लागल्या.

“ओला करून बघितला होतास तू,” मावशी म्हणाली. तो प्रश्न नव्हता. बेबीनं मान खाली घातली.

नियमानं त्या प्रती त्याच दिवशी फाडायला हव्या होत्या. पण फाडायला सांगणारी घरी खिडकीशी बसली होती, म्हणून कुणी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दालनवाली आली. स्वच्छ गठ्ठा तिनं भराभरा चाळला. मग तिला दुसरा दिसला आणि तिनं पहिला बाजूला सारला.

“हे,” ती म्हणाली. “हेच लावायचं. समोरच्या भिंतीवर. बाकी काही लावलं नाहीस तरी चालेल. हे हात... कुठून सुचलं तुला हे?”

मावशी बेबीकडे बघत होती. बेबी गठ्ठ्याकडे बघत होती.

“सुचलं,” बेबी म्हणाली.

मॅडम गेल्यावर मावशीनं रोलर पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. “सुचलं म्हणे,” ती रोलरला म्हणाली. “मलाही कालपासून एक दाढ सुचत्येय.”

शिळाछापाच्या प्रतीवर सही खाली उजवीकडे पेन्सिलीनं करतात. बेबीनं पेन्सिलीला टोक काढलं. पुन्हा काढलं. शेवटी तिनं दोन्ही गठ्ठ्यांतली एकेक प्रत गुंडाळली आणि घर गाठलं.

आधी तिनं स्वच्छ प्रत आईसमोर धरली. बाईंनी ती खूप वेळ बघितली. “भिंत चांगली आलीय,” त्या म्हणाल्या. “खुर्चीचा मागचा पाय घाईत काढलास.”

मग बेबीनं दुसरी धरली. बाईंचा डावा हात उशीवरच्या उजव्या हातावर जाऊन बसला. रस्त्यावर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“दगड नीट घासला नाहीस.”

“नाही.”

“ओला करून बघितला नाहीस.”

“नाही.”

“मावशीला काय सांगितलंस?”

“बघितला म्हणून.”

“हं.”

“मॅडमना हेच हवंय,” बेबी म्हणाली. “समोरच्या भिंतीवर लावणार म्हणतात. बाई, मी खाली सही कुणाची करू?”

घरात ‘बाई’ ऐकून त्यांनी मान वर केली. “खराब प्रतीवर सही करत नसतात. ती फाडतात.”

“खराब नाहीये ती. तुम्हाला दिसतंय.”

“दिसतंय. म्हणून तर सांगतेय.”

तेव्हा बेबीचा तोल गेला. कधी आवाज न चढवणारं माणूस ओरडलं की ते ओरडणं वाकडंतिकडं होतं, तसं झालं. “फाडा, घासा! तुम्हाला दुसरं येतं काय? माझं घासलंत तेव्हा मला विचारलंसुद्धा नाहीत. जेवायला गेले होते हो मी! घास गिळून परत येते तो... अर्धवट होतं म्हणालात. मी सोळा वर्षं शोधतेय काय राहिलं होतं त्यात ते!”

बाई काही बोलल्या नाहीत. बेबीला वाटलं, पुन्हा झटका आला की काय. ती पुढं सरकली.

“अर्धवट नव्हतं ते,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पुरं होतं. चांगलं होतं. ते छापलं असतं तर थोरला तुला द्यावा लागला असता. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, बेबी. दोन वर्षं माझ्या हातून एक धड रेघ उतरली नव्हती. आणि तू विशीतली, डबा खायला जाताना गाणं म्हणत गेलीस.” त्या थांबल्या. “ते गाणं मला सहन झालं नाही.”

बेबी पलंगाच्या कोपऱ्यावर बसली. राग यायला हवा होता. तो कुठं तरी अडकला होता. तोंडातून आलं ते भलतंच. “काय होतं त्यात? मला तर आठवतसुद्धा नाही आता.”

“मागच्या दाराच्या पायऱ्या होत्या,” बाई म्हणाल्या. शोधायला वेळ लागला नाही. समोर ठेवलेलं वाचावं तसं बोलल्या. “एका पायरीवर बादली पालथी घातलेली. बादलीच्या बुडाला पोचा. पोच्यात पाणी साठलेलं, आणि त्या एवढ्याशा पाण्यात वरची विजेची तार दिसत होती. ती तार तू एका रेघेत काढली होतीस, खडू न उचलता. मी नंतर कितीदा काढून बघितली. शेडमध्ये कुणी नसताना. मला नाही जमली.”

बेबी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की खाली गॅस पेटवलाच नाही. ती तशीच बाहेर आली.

“फाडशील ना?” बाईंनी विचारलं.

“ते मी ठरवीन.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. “ठरव,” त्या म्हणाल्या.

रात्रभर ती कूस बदलत होती. सही केली तर तिचं नाव होणार होतं, यात तिला शंका नव्हती. पण ज्या हातांखाली ते नाव लिहायचं ते हात तिनं काढले नव्हते. आणि जी भिंत तिनं काढली होती तिच्याकडे, ते हात असेपर्यंत, कुणी बघणार नव्हतं. खाली आईचं नाव लिहिलं तरी तेच. दोघींची नावं लिहिली तर आयुष्यभर पुन्हा बाईंची मुलगी. आणि या सगळ्याच्या खाली ती तार होती, एका रेघेतली, जी आता जगात एका म्हातारीच्या डोक्यात सोडून कुठंच नव्हती.

सकाळी शेडमध्ये सगळ्या आल्यावर तिनं हातांचा गठ्ठा टेबलावर घेतला आणि पहिली प्रत मधोमध फाडली. कागद जाड होता. आवाज मोठा झाला.

“एक तरी ठेव गं,” मावशी म्हणाली. “मी तुझ्या पाया पडते. एक.”

“नाही मावशी.”

“अगं, तिचे हात आहेत ते!”

“माहितेय.”

मावशीनं प्रेसच्या हँडलवर डोकं टेकलं आणि सगळा गठ्ठा संपेपर्यंत वर केलं नाही. मग सरळ उठली, केरसुणी आणली आणि तुकडे गोळा केले. “तापटपणा दोघींचा सारखा,” ती पुटपुटली, “आणि केर मी काढायचा.”

संध्याकाळी बेबी घरी आली. “फाडल्या,” ती म्हणाली. “आता इथली एक राहिली.”

बाईंनी हनुवटीनं केराच्या टोपलीकडे खूण केली. “ती कालच फाडली.”

बेबीनं टोपलीत पाहिलं. एका हातानं जाड कागद फाटत नाही. तुकड्यांच्या कडांना दातांच्या खुणा होत्या.

प्रदर्शन लागलं. समोरच्या भिंतीवर स्वच्छ प्रत होती, खाली उजवीकडे बेबीची सही, जरा जोरानं केलेली. मॅडम पूर्ण वेळ तोंड फुगवून होत्या. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: काम नेटकं आहे, भिंतीचा पोत लक्षणीय, पण एकंदर चित्र जरा रिकामं वाटतं. ‘बाईंची मुलगी’ हे शब्द मात्र त्यात नव्हते. मावशीनं ते कात्रण कापून प्रेसवर चिकटवलं आणि ‘रिकामं’ या शब्दावर शाईचं बोट उमटवलं.

बाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. शेडमध्ये परत कधी आल्या नाहीत, पण रोज संध्याकाळी विचारायच्या, कुठल्या दगडावर काय चाललंय, आणि ऐकून घेऊन चुका काढायच्या. त्या दुपारचा विषय दोघींत पुन्हा निघाला नाही. माफ केलं असं बेबी कधी म्हणाली नाही आणि बाईंनी माफी मागितलीही नाही. शेवटच्या आजारपणात बेबी त्यांचे केस विंचरून द्यायची. एकदा बाई म्हणाल्या, “इतकं घट्ट नको.” एवढंच.

मावशीनं खांदा निकामी होईपर्यंत हँडल ओढलं. पुढं ती खुर्ची टाकून बसायची आणि नव्या मुलींकडून तोंडानंच हँडल ओढून घ्यायची. म्हातारपणी झोपेत गेली. तिच्या मुठी मिटलेल्या होत्या.

दालनवालीनं दालन बंद केलं. तिथं आता पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. पण चार माणसं जमली की ती त्या फाडलेल्या प्रतींची गोष्ट सांगते. दरवर्षी चित्र थोडं मोठं होतं. अलीकडे त्यात हातांबरोबर चेहराही असतो म्हणे.

बेबीनं बादली आणि पायऱ्यांचं चित्र परत काढायचा प्रयत्न केला, एकदा नव्हे, अनेकदा. पायऱ्या आल्या, बादली आली, पोचाही आला. तार एका रेघेत तिलाही परत आली नाही. भिंती मात्र तिनं पुष्कळ काढल्या, आणि त्या तिच्या नावानं ओळखल्या जातात. आता तिचे सगळेच केस पांढरे झालेत, आणि नव्या मुली तिलाच बाई म्हणतात.

थोरला अजून शेडमध्ये आहे. घासून घासून निम्मा झालाय, एकटीला उचलता येतो. आता तो विचारेल तिला मिळतो. फक्त शेडमध्ये एक नियम आहे, की थोरल्यावर एका डझनापुढं छापायचं नाही; छापलं तर चित्रात हात येतात. नव्या मुलींना हे गमतीचं वाटतं. एखादी धीट मुलगी विचारते, इतक्या वर्षांत एकदा जोर लावून पुरता घासला का नाही तो?

थोरला घासायचं काम बेबी अजून दुसऱ्या कुणाला देत नाही. आणि जाड वाळूवरून मध्यमवर जाताना ती दगड ओला करून बघत नाही.